कराटेचा ड्रेस नंतर, आधी वर्ग बघा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत आम्ही कर्जाचे अर्ज वाचत होतो. बियाणं, शेळी, दवाखाना अशी नेहमीची कारणं होती. एका ताईच्या अर्जावर मात्र लिहिलं होतं, 'मुलीचा कराटे ड्रेस व सामान, ३,५०० रुपये.' मुलगी आठवीत आहे. वर्ग सुरू व्हायच्या आधीच तिच्या हातात यादी दिली होती: ड्रेस, ग्लोव्हज, पायाचे गार्ड, छातीचं गार्ड, बॅग.

एक मावशी म्हणाल्या, "एवढ्या पैशात शेळीचं पिल्लू येतं बाई!" दुसरी ताई हळूच म्हणाली, "माझ्या पोरीनं तर ड्रेस नाही म्हणून नावच काढून घेतलं." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंतर मी शिकवणाऱ्या लोकांना विचारलं, आपल्या शिवणकाम करणाऱ्या तायांशी बोलले. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते.

पहिल्या तीन महिन्यांत काय लागतं?

फारसं काही लागत नाही. सैल सलवार किंवा ट्रॅक पँट, अंगाला बसणारा टी-शर्ट, पाण्याची बाटली आणि कापलेली नखं. कराटे अनवाणी करतात, म्हणून बुटाचाही खर्च नाही. सुरुवातीला उभं राहणं, ठोसा, लाथ, अडवणं हेच शिकवतात. समोरासमोर लढत लगेच होत नाही, म्हणून गार्डही लगेच लागत नाहीत. पहिल्याच दिवशी सगळं सामान घ्या असं कोणी म्हणालं, तर "तीन महिन्यांनी घेतलं तर चालेल का?" असं सरळ विचारा.

बांगड्या, कानातलं, गळ्यातलं घरी काढून ठेवायचं. वेणीला पिना लावायच्या नाहीत, कापडी रबर लावायचं. जेवण वर्गाच्या दोन तास आधी झालेलं बरं. मुलीला चक्कर येत असेल, लवकर धाप लागत असेल तर आशाताईंना सांगून रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

वर्ग बघायला आईनं स्वतः जावं

ड्रेस बघण्याआधी वर्ग बघा. एक दिवस तिथे बसा आणि एवढं पाहा:

१. जागा कशी आहे? माती मऊ हवी. खडे, काचा, सराट्याचे काटे नकोत. सिमेंटच्या कोब्यावर पडायचा सराव करू देऊ नका. ज्युदोसारख्या खेळात तर गादीशिवाय कोणाला पाडणं धोक्याचंच.
२. शिकवणारे मुलीला हात लावण्याआधी सांगतात का? दुरुस्ती सगळ्यांसमोर करतात का? एकटीला थांबवून घेणं, रात्री मेसेज करणं, वेगळ्या खोलीत बोलावणं हे चालणार नाही. वर्गात एखादी बाई प्रशिक्षक किंवा पालक हजर असलेली बरी.
३. आई-बापांना बसून बघायला देतात का? नाही म्हणत असतील तर तिथे पाठवू नका.
४. वर्षाचा पूर्ण खर्च किती? महिन्याची फी एक, पण पट्ट्याच्या परीक्षेची फी वेगळी असते. पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्यापर्यंत अनेक परीक्षा असतात. वर्षात किती परीक्षा होतील आणि प्रत्येकीला किती पैसे लागतील, ते कागदावर लिहून घ्या.
५. प्रमाणपत्र कोणाचं? पट्ट्याचं प्रमाणपत्र त्या त्या कराटे संस्थेचं असतं. शालेय किंवा सरकारी स्पर्धेच्या प्रमाणपत्राचा उपयोग वेगळा. त्याची माहिती बुलढाण्याला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.

फुकटची वाटही आहे. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेत 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' आहे. ते तीन महिन्यांचं असतं. आपल्या शाळेत यंदा ते होणार का, हे मुख्याध्यापकांना विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. आपल्यातल्या ज्या ताई त्या समितीवर आहेत त्यांनी हा विषय बैठकीत मांडावा.

ड्रेस आपल्याच मशीनवर

कराटेच्या ड्रेसचे तीन भाग असतात: जाकीट, पायजमा आणि पट्टा. मुलगी तीन महिने टिकली की शिवायला घ्या. त्याआधी गावातला ड्रेस परीक्षेला चालेल का, ते प्रशिक्षकांना विचारून घ्या. मोठ्या स्पर्धांना ठरावीक कंपनीचाच ड्रेस मागतात, पण रोजच्या सरावाला तशी गरज नसते.

शाळेचे गणवेश ज्यांनी शिवलेत त्या तायांना हे काम अवघड नाही. चार गोष्टी लक्षात ठेवा. कापड सुती ड्रिलचं घ्या आणि कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच आखूड होतं. पायजम्याच्या दोन पायांच्या मध्ये चौकोनी जोड द्या, लाथ मारताना तिथेच उसवतं. काखेत सैल ठेवा आणि सगळीकडे दुहेरी शिलाई मारा. जाकिटाला बटण किंवा चेन लावू नका, आतून-बाहेरून बंद लावा. जाकिटाची डावी बाजू उजवीच्या वर येते.

पट्टा साधारण चार सेंटिमीटर रुंद असतो आणि कंबरेभोवती दोन वेढे घेतो. कंबरेचं माप दुप्पट करून त्यात सुमारे सव्वा मीटर मिळवा, म्हणजे गाठीला आणि टोकांना पुरतं. वाढत्या मुलीच्या बाह्यांना आणि पायजम्याला आत दुमड ठेवा, दोन वर्षं ड्रेस जातो.

पांढऱ्या कपड्याची भीती

हे मुली आपल्याला सांगत नाहीत. बारा-तेराव्या वर्षी बऱ्याच जणी "पाय दुखतो", "अभ्यास आहे" म्हणून वर्ग सोडतात. खरं कारण पाळी आणि पांढरा ड्रेस असतो. आतून गडद रंगाची घट्ट चड्डी घाला. जाकिटाच्या आत मुलींना पांढरा टी-शर्ट घालता येतो, त्यामुळे गळा उघडा पडत नाही. छातीला नीट आधार देणारी ब्रा घेऊन द्या. गार्डच्याही आधी तिला याचीच गरज असते. पाळीत त्रास नसेल तर सराव करायला हरकत नाही. पोट दुखत असेल तर सुट्टी घ्यावी, त्यात लाजायचं काही नाही.

महागाचं सामान गटानं मिळून घ्यावं

लढतीचा सराव सुरू झाला की हाताचे ग्लोव्हज, पायाचे गार्ड, छातीचं गार्ड आणि दातांचं गार्ड लागतं. पण लढत दोघींची असते, मग वीस मुलींना वीस जोड कशाला? लाल-निळे मिळून चार-सहा जोड घेतले तर आळीपाळीनं भागतं. वापर झाला की पुसून सावलीत वाळवायचे. दातांचं गार्ड मात्र प्रत्येकीचं वेगळं. ते गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवतात, दुसरीचं तोंडात घालायचं नाही.

लाथ मारायची पिशवी घरीच होते. जाड पोतं घ्या, त्यात शिवणकामाच्या चिंध्या घट्ट भरा. वाळू भरू नका. वाळू खाली बसून दगडासारखी होते आणि मनगट, घोटा दुखावतो. लाठी शिकायची असेल तर गाठी तासून गुळगुळीत केलेला सरळ बांबू घ्या. चीर गेलेली काठी लगेच बाजूला टाका, फिरवताना ती फुटून डोळ्याला लागते.

आणि एक मनातलं

आपण जिजाऊंच्या तालुक्यातल्या. दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाची गर्दी आपण बघतो. मुलगी धीट व्हावी हे सगळ्यांनाच वाटतं. पण कराटे शिकली म्हणजे आता तिचं तीच बघून घेईल, असं समजू नका. चांगले प्रशिक्षकही आधी हेच शिकवतात: ओरडा, निसटा, पळा, घरी सांगा. ती घरी येऊन काही सांगेल तेव्हा "तूच काही केलं असशील" म्हणू नका आणि तिची शाळा बंद करू नका. शाळा बंद होईल या भीतीनंच मुली गप्प बसतात. मदतीला हे नंबर आहेत: पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८. घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

त्या कर्जाच्या अर्जाचं काय झालं? अर्ज त्या ताईंनीच मागे घेतला. वर्ग बघून आल्या, सामान नंतर घेतलं तरी चालेल असं तिथे ठरवून आल्या. मुलगी सध्या जुन्या सलवारवर जाते. जिनं नाव काढलं होतं तीही आता तिच्यासोबत जाते. दोघी टिकल्या तर ड्रेस गटातल्याच ताई शिवून देणार आहेत, कापडाचे पैसे घेऊन आणि शिलाई निम्मी.

तुमच्या गावात वर्ग सुरू असेल किंवा करायचा असेल तर पुढच्या मासिक बैठकीत विषय घ्या. मी येतेच.

– तुमची क्षेत्र समन्वयक, दुसरबीड