याद्यांतील क्रम आणि संगणकाची स्मरणरीत

आपल्या न्यासाच्या कारभारात याद्यांचे महत्त्व किती आहे, हे सभासदांस सांगावयास नको. देणगीदारांची यादी, आजीव सभासदांची यादी, शिष्यवृत्तीची यादी, वसतिगृहासाठी आलेल्या अर्जांची यादी. यादीत नाव असणे ही एक गोष्ट. ते कितव्या स्थानी आहे ही दुसरी. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असले, म्हणजे या दुसऱ्या गोष्टीवरच एखाद्या मुलाचे वा मुलीचे वर्ष अवलंबून राहते.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या अर्जांची नोंद आपण संगणकावर घेऊ लागलो. नियम जुनाच होता : ज्याचा अर्ज आधी, त्याचा विचार आधी. पहिली यादी छापून आली तेव्हा सर्वांत आधी अर्ज करणाऱ्या मुलीचे नाव तळाशी आणि शेवटी आलेला अर्ज माथ्यावर. तिचे वडील नवे सभासद. वर गेलेली नावे जुन्या घराण्यांतील. साहजिकच कुजबुज सुरू झाली, की कार्यकारी मंडळाने ओळखीच्यांस झुकते माप दिले. प्रत्यक्षात कोणीही काही केले नव्हते. दोष आज्ञावलीतील एका समजुतीचा होता. ती समजूत कोणती, हे सभासदांस कळावे म्हणून हा लेख.

संगणकाच्या भाषांत ‘असोसिएटिव्ह ॲरे’ नावाची एक सोय असते. साध्या यादीत आपण ‘तिसरे नाव कोणते?’ असे विचारतो. येथे मात्र खूण सांगून माहिती मागावयाची. या खुणेस ‘की’ म्हणजे किल्ली म्हणतात. सभासद क्रमांक ही किल्ली धरली, तर तो सांगताच त्या सभासदाचा अर्ज समोर येतो. हजारो नोंदी असल्या तरी त्या एकेक करून चाळाव्या लागत नाहीत.

हे साधते कसे? एक कपाट घ्या, त्यास 0 ते 7 असे आठ कप्पे आहेत. सभासद क्रमांकास 8 ने भागावे व जी बाकी उरेल त्या कप्प्यात अर्ज ठेवावा. समजा, 36, 25, 29 आणि 10 या क्रमांकांचे अर्ज याच क्रमाने आले. बाक्या अनुक्रमे 4, 1, 5 आणि 2. पुढे 29 चा अर्ज हवा झाला, तर थेट पाचवा कप्पा उघडावा, शोधाशोध नाही. या युक्तीस ‘हॅशिंग’ म्हणतात. खरी सूत्रे याहून गुंतागुंतीची असतात, पण तत्त्व हेच.

आता कपाट वरून खाली वाचून पाहा : 25, 10, 36, 29. हा ना अर्ज येण्याचा क्रम, ना चढता क्रम. अर्ज वाढले म्हणून सोळा कप्प्यांचे कपाट आणले व 16 ने भागू लागलो, तर तेच चार अर्ज 36, 25, 10, 29 असे दिसतील. अर्ज तेच, माणसे तीच. केवळ कपाट बदलल्याने क्रम बदलला. म्हणजे या रचनेत किल्लीवरून वस्तू झटकन सापडते, पण कोण आधी आले याची आठवण कोठेच राहत नाही.

निरनिराळ्या भाषांनी याबाबत निरनिराळे मार्ग धरले. पीएचपी भाषेत येण्याचा क्रम टिकतो. रूबी भाषेने 1.9 या आवृत्तीपासून तो पाळला. गो भाषेची पहिली आवृत्ती 2012 साली निघाली. तिने मुद्दामच वाचण्याचा क्रम दर वेळी अनिश्चित ठेवला, हेतू हा की कोणी त्यावर विसंबून राहू नये. पर्लच्या 2013 सालच्या 5.18 आवृत्तीत क्रम दर खेपेस बदलू लागला. त्यामागे सुरक्षिततेचा विचार होता. सूत्र ठाऊक असेल तर दुष्ट हेतूचा मनुष्य सर्व किल्ल्या एकाच कप्प्यात पडतील अशा निवडून सारे काम तुंबवू शकतो.

पायथन भाषेची तोड आपल्या कचेऱ्यांतील जुन्या पद्धतीची आठवण करून देते. सारे अर्ज आवक बारनिशीत ओळीने नोंदावयाचे आणि कप्प्यात अर्जाऐवजी केवळ बारनिशीतील ओळीचा आकडा ठेवावयाचा. शोधताना कप्पा पाहावा, वाचताना बारनिशी वाचावी. ही रचना 2016 सालच्या 3.6 आवृत्तीत आली आणि 2018 सालच्या 3.7 पासून येण्याचा क्रम टिकेल अशी हमी भाषेनेच दिली. मात्र एक बारकावा ध्यानी ठेवावा. असलेल्या नोंदीतील मजकूर दुरुस्त केला तर तिचे स्थान तेच राहते. नोंद काढून पुन्हा घातली तर ती शेवटी जाते. पत्ता चुकला म्हणून अर्ज रद्द करून नव्याने भरला, तर अर्जदाराचा नंबर गेलाच म्हणून समजा.

आपली यादी बिघडली ती जावास्क्रिप्ट भाषेत. तेथे साध्या ‘ऑब्जेक्ट’मध्ये नावासारख्या किल्ल्या येण्याच्या क्रमाने राहतात; पण किल्ली पूर्णांकासारखी असली, की त्या सर्व आधी आणि चढत्या क्रमाने येतात. वरील चार अर्ज तेथे 10, 25, 29, 36 असे दिसतील. सभासद क्रमांक हीच किल्ली असल्याने जुने सभासद वर चढले, नवे खाली गेले. पक्षपात वाटला तो असा घडला. ‘मॅप’ नावाची दुसरी सोय वापरली असती, तर येण्याचा क्रम टिकला असता.

वर्णानुक्रमाची गोष्टही अशीच. संगणकात प्रत्येक अक्षरास युनिकोडचा एक आकडा असतो. त्या आकड्यांनुसार ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर. ‘क्ष’ हा ‘क’ मध्ये मोडतो, तर ‘ॲ’ थेट ‘ह’ च्याही पलीकडे जातो. नावामागे ‘ॲड.’ लावलेले आपले वकील सभासद त्यामुळे यादीच्या अखेरीस जाऊन बसतील! यासाठी मराठीचे नियम जाणणारी क्रमवारी निराळी मागावी लागते.

तात्पर्य काय? क्रमाला अर्थ असेल, तर तो साठवण्याच्या पद्धतीवर सोडू नये. माहितीचाच भाग म्हणून लिहून ठेवावा. प्रत्येक अर्जासोबत आवक क्रमांक व तारीख-वेळ नोंदवावी आणि छापताना त्यावरूनच यादी लावावी. मग भाषा बदलो, यंत्र बदलो, वा माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे जावो, क्रम ढळत नाही. जेसॉन या प्रचलित देवघेवीच्या नमुन्यातही ऑब्जेक्टमधील किल्ल्यांचा क्रम गृहीत धरू नये असेच मानतात; क्रम हवा तेथे यादी वापरावी.

त्या मुलीस अखेर जागा मिळाली. कारण आपल्या कचेरीतील वृद्ध कारकुनांनी, संगणक आला तरी, प्रत्येक कागदी अर्जावर सवयीने आवक क्रमांक टाकला होता. ती बारनिशी मंडळापुढे ठेवताच शंका मिटली व यादी पुन्हा छापली गेली. आज आपल्या संगणकातही आवक क्रमांकाचा स्वतंत्र रकाना आहे. पुढे ज्या तरुण सभासदांकडे हे काम जाईल, त्यांनी तो रकाना निरुपयोगी समजून काढून टाकू नये, एवढीच विनंती.