फाटकापासून उंबरठ्यापर्यंत
निवारा आणि नगर : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आपण पुनर्वसन इमारतींतील घराच्या मापाचा विचार केला, आणि १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले तेव्हा २२५ चौरस फूट असलेले हे माप पुढे २६९ व त्यानंतर ३०० चौरस फुटांपर्यंत कसे वाढत गेले, हे पाहिले. आज त्या मापात राहणाऱ्या माणसाच्या वयाचा विचार करावयाचा आहे. घर देणाऱ्या योजनांच्या कागदपत्रांत पात्रता, क्षेत्रफळ, हप्ते आणि हस्तांतरणाची मुदत ही कलमे मोठ्या काळजीने लिहिलेली असतात. परंतु ज्या गृहस्थाने चाळिशीत किल्ली हाती घेतली, तो पंचाहत्तराव्या वर्षी त्याच घरात कोणाच्या आधाराने राहील, याची तजवीज त्यांत सहसा आढळत नाही. एरवी शेजारधर्मावर निभावून जाणारी ही उणीव २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत उघडी पडली.

साथ आणि स्वस्त घर यांचे नाते मुंबईला अपरिचित नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला, आणि दाट वस्त्या मोकळ्या करून आरोग्यदायी घरे उभारावीत या हेतूने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. तेव्हा या शहरातील सार्वजनिक गृहनिर्माणाचा जन्मच साथीच्या पोटी झाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये राज्यात पुन्हा अमलात आणला गेला. मात्र प्लेगच्या काळी सरकारी अंमलदार झडतीसाठी थेट माजघरापर्यंत शिरत आणि लोकांत त्याविषयी विलक्षण क्षोभ माजे, तर सव्वाशे वर्षांनंतरचे शासन इमारत सील करून फाटकाशीच थांबले. फाटकापासून उंबरठ्यापर्यंतचे अंतर कोणाच्या अखत्यारीत येते, याचा निवाडा झालाच नाही, आणि त्या अंतराचा सर्वाधिक जाच वृद्धांना झाला.

मुंबईत पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या आणि २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी घराबाहेर पडू नये, हा सल्ला वैद्यकीय दृष्ट्या रास्तच होता; परंतु त्या सल्ल्यात घरी पाणी आहे, औषध आहे, धान्य आहे आणि हाक मारली तर ओ देणारे माणूस आहे, इतकी सारी गृहीतके दडलेली होती. उपनगरांतील कितीतरी वृद्धांचा आधार लोकलने येत-जात असतो. आई मुलुंडला आणि लेक डोंबिवलीला, काका बोरिवलीला आणि पुतण्या विरारला, अशी विखुरलेली कुटुंबे रविवारच्या भेटीने सांधलेली असतात, आणि त्याच भेटीत महिन्याच्या गोळ्या, विजेचे बिल, बँकेचे पासबुक ही कामे उरकली जातात. गाडी थांबली आणि ही व्यवस्था एका रात्रीत मोडली. कामवाल्या बायांना अनेक सोसायट्यांनी फाटकाबाहेरच ठेवले. त्यामुळे ज्यांची भाकरी आणि अंघोळ दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून होती, त्यांची पंचाईत झाली.

ही पंचाईत सर्वत्र सारखी नव्हती, आणि येथेच घराच्या रचनेचा प्रश्न येतो. घाटकोपरचे पंतनगर किंवा विक्रोळीचे कन्नमवार नगर यांसारख्या जुन्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत, जेथे पुनर्विकास अद्याप पोहोचलेला नाही, तेथे इमारती ठेंगण्या बांध्याच्या, तीन-चार मजल्यांच्या आणि बिनलिफ्टच्या आहेत. तेथील रहिवासी मात्र अर्धशतकाचे परिचित. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ नंतर बोरिवलीच्या गोराईत आणि कांदिवलीच्या चारकोपमध्ये लहान भूखंडांची जी वसाहत झाली, तिच्यात थोड्या थोड्या घरांची एक सहकारी संस्था आणि मध्ये सामाईक मोकळी जागा, अशी मांडणी असल्याने कोणाचे दार दोन दिवस उघडले नाही हे समोरच्यास दिसते. पुनर्वसनाच्या उंच इमारतींत लिफ्ट असते खरी. परंतु देखभालीचा खर्च थकला की ती बंद पडते, आणि अरुंद, अंधाऱ्या मार्गिकेच्या दोन्ही अंगांना बंद दारे उरतात. झोपडवस्तीची तर गोष्टच वेगळी. सामाईक शौचालयाची रांग चुकवता येत नाही, तेथे ‘घरातच राहा’ या वाक्याला अर्थ उरत नाही. जुलै २०२० मध्ये जाहीर झालेल्या रक्तपाहणीत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांना शहरातील तीन विभागांत असे आढळले, की झोपडवस्त्यांतील ५७ टक्के, तर अन्य वस्त्यांतील १६ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूची प्रतिपिंडे तयार झाली होती. एकाच विभागात, एकाच महापालिकेच्या अमलाखाली, केवळ निवाऱ्याच्या प्रकाराने पडलेला हा फरक होता.

आता बिनलिफ्टच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचा दिवस पाहा. खाली दोरी बांधलेली, फाटकाशी टेबल मांडलेले, त्यावर दुधाच्या पिशव्या आणि कांदे-बटाट्यांच्या थैल्या नावांनिशी ठेवलेल्या. महापालिकेने धान्य दिले, एखाद्या मंडळाने भाजी दिली, औषधाच्या दुकानदाराने गोळ्याही पाठविल्या. सारे टेबलापर्यंत आले आणि तेथेच राहिले, कारण आजींच्या गुडघ्यांना पन्नास पायऱ्या उतरून ओझे घेऊन पुन्हा चढणे शक्य नव्हते. शेवटी खालच्या मुलाने हाक दिली, “आजी, पिशवी सोडा!” आणि गॅलरीच्या कठड्यावरून सुतळीला बांधलेली कापडी पिशवी खाली आली. रक्तदाबाच्या गोळ्या वर गेल्या, पण गोळीचे नाव बदललेले होते, रंगही निराळा. ती नेहमीचीच आहे की दुसरी, हे सांगणारे कोणी वर गेले नाही.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जून २०२० पासून महापालिकेने प्रत्येक विभाग कार्यालयात नियंत्रण कक्ष उघडून खाटांचे वाटप विकेंद्रित केले. मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय साथीसाठी राखून ठेवले गेले, आणि ७ जुलैला मुलुंड व दहिसर येथील भव्य उपचार केंद्रांचे उद्घाटन झाले. दाट वस्त्यांतून वृद्धांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण तपासणारी पथकेही फिरली. आणि या साऱ्या उपायांत तोच उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात रुग्ण दवाखान्याकडे जात नव्हता, तपासणी त्याच्या उंबरठ्याशी येत होती. लसीकरणाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण विलंबाने सुचले. साठ वर्षांवरील नागरिकांची लस १ मार्च २०२१ रोजी सुरू झाली. अंथरुणाला खिळलेल्यांना ती घरी द्यावी यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करावी लागली, आणि अंधेरी पूर्वेच्या के-पूर्व विभागात घरी जाऊन लस देण्याचा प्रारंभ ३० जुलैला, म्हणजे पाच महिन्यांनी झाला. ज्यांना लसीची निकड सर्वाधिक होती, त्यांचा क्रमांक केवळ जिना उतरता न आल्यामुळे शेवटी लागला.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत एकाकी वृद्धांचा भरणा मोठा होता. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली, तेव्हा ज्या वस्तीत दुकाने आणि रस्ते गजबजलेले होते तेथे मृत्यू कमी, आणि ओसाड पडलेल्या वस्तीत अधिक, असे त्यास दिसले. म्हाताऱ्या माणसाला बाहेर पडण्यास कारण असणे आणि तो न दिसल्यास कोणाच्या तरी ध्यानात येणे, हाही आरोग्यव्यवस्थेचा भाग आहे, असा त्याचा इत्यर्थ.

परंतु शेजारधर्मावर सारा भार टाकणे हे शासनाने हात झटकण्यासारखे होईल. शेजारी थकतो, घर बदलतो, स्वतःच आजारी पडतो. म्हणून या कामास दप्तराचा आधार हवा. ज्येष्ठ नागरिकांविषयीचा २००७ चा कायदा आणि त्याखालील राज्याचे २०१० चे नियम यांत पोलीस ठाण्याने एकट्या वृद्धांची नोंद ठेवण्याची अपेक्षा आहेच. उणीव आहे ती इमारतीच्या पातळीवर. प्रत्येक संस्थेने वृद्धांची नोंदवही ठेवावी, तीत नित्याची औषधे, नातेवाइकाचा दूरध्वनी आणि जिना उतरता येतो की नाही एवढे लिहावे, आणि प्रत्येक मजल्यासाठी एका व्यक्तीस मानधन देऊन नेमावे. एकट्या वृद्धाची माहिती चोरासही उपयोगी असते आणि घर बळकावू पाहणाऱ्यासही. तेव्हा ही वही सूचनाफलकावर लावण्याची नसून सचिवाच्या कुलपात ठेवण्याची, हेही ध्यानात असावे. पैशाचा प्रश्न काढला जाईल, त्याचे उत्तरही आहे. पुनर्वसन इमारतींच्या देखभालीसाठी विकासकाने घरटी २०,००० रुपये ठेवावेत, अशी तरतूद होती आणि ती रक्कम पुढे वाढविण्यात आली. तिच्या व्याजातून लिफ्ट चालू ठेवण्याबरोबर हे मानधनही निघावे, असा आदेश प्राधिकरणास काढता येईल.

तो आदेश निघेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणे कायद्याने बंधनकारक आहे. वाचकांना विनंती एवढीच, की यंदाच्या विषयपत्रिकेत रंगरंगोटी आणि पार्किंग यांच्या आधी एक विषय घालावा : आपल्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंद आणि त्यांच्या दारापर्यंत जाणाऱ्या माणसाची नेमणूक.