जुन्या होडीची डागडुजी

आजोबांची लाकडी होडी तीन वर्षे मालवणला आमच्या अंगणात, माडाच्या झापांखाली पडून होती. ती मोडीत काढून फायबरची घ्यावी, असे धाकट्या काकांचे मत. पण त्यासाठी कर्ज काढावे लागणार होते. म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही घरच्यांनीच तिची दुरुस्ती हाती घेतली.

आधी रोग शोधावा लागतो. टोकदार सुरी फळीत सहज शिरली, की तेथले लाकूड कुजले असे समजावे. समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा (प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हा शिंपल्याचा भाऊबंद!) बाहेरून टाचणीएवढे भोक पाडतो आणि आत बोगदे खणतो, फळी मात्र वरून धडधाकट दिसते. लोखंडी खिळे गंजून भोवतालचे लाकूडही काळे पडले होते. तांब्याचा खिळा महाग, पण गंजत नाही. मात्र खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी लोखंड अधिकच लवकर गंजते, म्हणून खिळे बदलायचे तर सगळेच बदलावे लागतात. खर्च वाढला तो इथे.

मग फटींत कापसाची वात ठोकून वर तेलात उकळलेली राळ लावायची. खरी मेख वात ठोकण्यात आहे. सुकलेली फळी पाण्यात फुगते. फट गच्च भरली, तर फुगायला जागा न उरल्याने ती खिळेच उपटते. थोरले काका प्रत्येक वात बोटाने चाचपून पाहत. आम्हा कॉलेजकुमारांच्या हातोड्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

श्रावणात होडी खाडीत उतरवली. पहिल्या दिवशी पाणी उपसून उपसून हात भरून आले. काका मात्र निवांत होते. तिसऱ्या दिवशी फळ्या फुगून फटी मिटल्या, आणि नारळी पौर्णिमेनंतर काका तिच्यातून जाळे घेऊन गेले.