तास मोजले, शिकणं कसं मोजायचं?

‘यंदा ८०सी भरलं का?’ हा प्रश्न कायद्याचं पुस्तक कधी न उघडलेला पगारदारही सहज विचारतो. प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये करबचतीच्या त्या तरतुदीचा पत्ता बदलला. ती कलम १२३ मध्ये गेली. टॅक्स ऑडिटचं ४४एबी हे कलम ६३ झालं. ‘गतवर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. १९६१ च्या कायद्यातली ८१९ कलमं नव्या कायद्यात ५३६ वर आली आणि अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली.

आपण हे सगळं पाठ करत बसत नाही, कारण ते काम सीएवर सोपवलेलं असतं. सीएला मात्र सुटका नाही. १९९५ साली अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सीएच्या अभ्यासक्रमात जीएसटी नव्हता, २०१३ चा कंपनी कायदा नव्हता, ‘इंड-एएस’ ही लेखा मानकं नव्हती. सनद आयुष्यभर तीच राहते, पण तिच्यामागचं ज्ञान दरवर्षी थोडं थोडं कालबाह्य होत जातं.

म्हणूनच भारतीय सनदी लेखापाल संस्थेनं, म्हणजे ‘आयसीएआय’नं, आपल्या सभासदांना सतत शिकत राहण्याचं बंधन घातलं आहे. त्याचं एकक आहे ‘सीपीई तास’ (सीपीई म्हणजे सतत व्यावसायिक शिक्षण). मुंबई-पुण्यापासून सांगली-सोलापूरपर्यंत संस्थेच्या शाखांमध्ये आणि स्टडी सर्कलमध्ये जी व्याख्यानं, चर्चासत्रं होतात, ती या तासांत मोजली जातात. हे तास नोंदवण्याचं काम आता सॉफ्टवेअर करतं. हिशेब ठेवणाऱ्यांच्या शिक्षणाचा हा हिशेब वरवर सोपा वाटतो. पण त्यात संगणकशास्त्र आहे, स्मरणशक्तीचं विज्ञानही आहे, आणि अजून न सुटलेला एक प्रश्नही आहे.

बेरीज जुळते, तरी नियम मोडतो

२०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या गटासाठी, प्रॅक्टिस करणाऱ्या साठ वर्षांखालील सीएला एकूण १२० तास पूर्ण करायचे होते. त्यांतले किमान ६० तास ‘संरचित’ हवे होते, म्हणजे मान्यताप्राप्त परिषद, चर्चासत्र, अभ्यासवर्ग अशा कार्यक्रमांतले. शिवाय दरवर्षी किमान २० संरचित तास व्हायलाच हवे होते. उरलेल्या तासांत स्वतःचं वाचन वगैरे ‘असंरचित’ शिक्षण चालत होतं आणि ते सभासदानं स्वतः घोषित करायचं होतं.

आता एक काल्पनिक सीए घेऊ. पहिल्या वर्षी त्यांचे ३० तास संरचित आणि २० असंरचित. दुसऱ्या वर्षी १६ आणि २२. तिसऱ्या वर्षी २८ आणि १२. एकूण बेरीज १२८, म्हणजे १२० ची अट पार. संरचित तास ७४, तीही अट पार. एक्सेलच्या तक्त्यात शेवटच्या ओळीत फक्त एकूण बेरीज पाहणाऱ्याला सगळं आलबेल दिसेल. पण दुसऱ्या वर्षाचे १६ तास २० पेक्षा कमी आहेत, आणि नियम तिथेच मोडला आहे. तिसऱ्या वर्षी कितीही धावपळ केली तरी मागच्या वर्षाचे चार तास भरून निघत नाहीत.

सॉफ्टवेअरचा पहिला उपयोग इथे आहे. चांगली प्रणाली ‘नोंद’ आणि ‘नियम’ यांना वेगळं ठेवते. नोंद म्हणजे घडलेली घटना: कोणता कार्यक्रम, कोणी घेतला, कोणत्या तारखेला, किती मिनिटं, कोणता विषय, पुरावा काय. ती एकदा झाली की बदलत नाही. नियम मात्र बदलतात, म्हणून ते स्वतंत्र लिहिलेले असतात आणि प्रत्येक नियमाला ‘कधीपासून कधीपर्यंत’ अशी मुदत जोडलेली असते. त्यामुळे २०२४ ची नोंद २०२४ च्याच नियमानं तपासली जाते. आणि वर्ष संपण्याआधी, ऑगस्टमध्येच, ‘चार तास कमी पडतील’ असा इशारा देता येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या कामात मान वर काढायला फुरसत नसलेल्या माणसासाठी हा इशारा मोलाचा असतो.

अमेरिकेत हे कोडं आणखी गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे सीपीएचा, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाचा, परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देतं. टेक्ससमध्ये तीन वर्षांत १२० तास लागतात आणि दरवर्षी किमान २०. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ८०. न्यूयॉर्कमध्ये वर्षाला ४०, किंवा एकाच विषयात एकाग्र अभ्यास केला तर २४. दोन-तीन राज्यांचे परवाने असलेल्या लेखापालानं एकच अभ्यासक्रम पूर्ण केला, तरी तो प्रत्येक राज्याच्या चौकटीत वेगळा बसवावा लागतो. एक नोंद, अनेक नियम आणि प्रत्येकाची वेगळी मुदत: हे काम माणसाच्या डोक्यापेक्षा डेटाबेस अधिक बिनचूक करतो.

एक श्रेयांक म्हणजे किती?

व्याख्यान किती वेळ चाललं हे घड्याळ सांगतं. पण कुणी घरी बसून अभ्यासक्रम वाचला, तर त्याचे तास, म्हणजे श्रेयांक, कसे ठरवायचे? जलद वाचणाऱ्याला कमी श्रेयांक आणि संथ वाचणाऱ्याला जास्त, हे तर उफराटं होईल.

अमेरिकेतल्या लेखापालांची संघटना एआयसीपीए आणि परवाने देणाऱ्या राज्य मंडळांची संघटना नॅस्बा यांनी त्यासाठी एक सूत्रच ठरवून दिलं आहे. मजकुराची शब्दसंख्या १८० नं भागायची, त्यात ध्वनिफीत-चित्रफितीची मिनिटं मिळवायची, प्रश्नांच्या संख्येला १.८५ नं गुणून तेही मिळवायचं आणि आलेल्या बेरजेला ५० नं भागायचं. तिथे एक श्रेयांक पन्नास मिनिटांचा असतो. समजा, अभ्यासक्रमात २७,००० शब्द आहेत, ३० मिनिटांची चित्रफीत आहे आणि २० प्रश्न आहेत. वाचनाची १५० मिनिटं, चित्रफितीची ३०, प्रश्नांची ३७, एकूण २१७. पन्नासनं भागल्यावर ४.३४ श्रेयांक.

१८० हा आकडा मिनिटाला वाचल्या जाणाऱ्या शब्दांचा. प्रौढ माणसं साधा इंग्रजी माहितीपर मजकूर मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या वेगानं मनात वाचतात, असं २०१९ मध्ये मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञानं अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. म्हणजे या सूत्रानं अवघड, तांत्रिक मजकुरासाठी थोडी सैल गती धरली आहे. हे सूत्र सर्वांना सारखं लागू होतं आणि सॉफ्टवेअर ते क्षणात काढतं. मात्र वाचणाऱ्याला काय उमगलं, हे त्यात कुठेच येत नाही.

हजेरीचा पुरावा

ऑनलाइन व्याख्यानात माणूस ‘लॉगिन’ करून चहा प्यायला गेला तर? याचा बंदोबस्तही नियमातच आहे. अमेरिकी मानकानुसार थेट ऑनलाइन कार्यक्रमात प्रत्येक श्रेयांकामागे किमान तीन वेळा सहभागी व्यक्तीकडून काही प्रतिसाद घ्यावा लागतो. बहुधा पडद्यावर अधूनमधून एखादा प्रश्न झळकतो आणि ठरलेल्या वेळात त्याचं उत्तर द्यावं लागतं. सॉफ्टवेअर प्रत्येक उत्तराची वेळ टिपतं.

अशाच छोट्या तपासण्यांतून प्रणालीची गुणवत्ता कळते. एकच प्रमाणपत्र दोनदा चढवलं गेलं, तर कार्यक्रमाचा क्रमांक आणि तारीख जुळवून ते पकडता येतं. एकाच माणसाच्या नावावर सकाळी दहा ते बारा पुण्यातली परिषद आणि अकरा ते एक दुसरं वेबिनार असेल, तर दोन कालखंड एकमेकांवर चढतात का, एवढं तपासलं की पुरे. आणि चूक दुरुस्त करायची झाली, तर जुनी नोंद पुसायची नाही. तिच्याखाली नवी नोंद करायची, कोणी आणि कधी केली यासह.

हे शेवटचं तत्त्व आपल्या सीएंना परकं नाही. १ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राहिलाच पाहिजे आणि तो बंद करता येऊ नये, असा नियम आहे. तो पाळला जातो का, हे लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात सांगावं लागतं. जो निकष लेखापरीक्षक कंपनीला लावतो, तोच त्याच्या स्वतःच्या शिक्षणाच्या नोंदींनाही लागला पाहिजे.

दुव्यातला एक आकडा

नोंद चोख असली, तरी तिच्या आत काय भरलं आहे हा प्रश्न उरतोच. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगानं केपीएमजी या जगातल्या मोठ्या लेखा संस्थेला ५ कोटी डॉलरचा दंड केला. त्यातल्या आरोपांपैकी एक अंतर्गत प्रशिक्षणाच्या परीक्षांबद्दल होता. काही लेखापरीक्षकांनी उत्तरं एकमेकांना दिली होती. काहींनी तर परीक्षेच्या वेब दुव्यात दडलेला एक आकडा बदलला. उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात, हे तो आकडा ठरवत होता. परिणाम असा, की पंचवीस टक्क्यांहूनही कमी उत्तरं बरोबर असताना काही जण उत्तीर्ण ठरले. तीन वर्षांनी, जून २०२२ मध्ये, ईवाय या दुसऱ्या बड्या संस्थेला १० कोटी डॉलरचा दंड झाला. तिथे परवान्यासाठीच्या नीतिमत्तेच्या परीक्षेत आणि सीपीई अभ्यासक्रमांतही लेखापालांनी कॉपी केली होती.

दुसऱ्यांच्या हिशेबाची सचोटी तपासणं हा ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या शिक्षणाच्या खात्यावर तास आणि गुण दोन्ही व्यवस्थित जमा झालेले दिसत होते. या घटना म्हणूनच फार गंभीर आहेत. हजेरीपटावरून मुलाला गणित किती येतं ते कळत नाही. इथेही तेच झालं. जे मोजायला सोपं ते आपण मोजतो, आणि हळूहळू तेच साध्य समजू लागतो.

हा पेच जागतिक पातळीवर ओळखला गेला आहे. लेखा व्यवसायाच्या ‘आयईएस ७’ या आंतरराष्ट्रीय शिक्षण मानकाची सुधारित आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून लागू झाली. शिक्षण मोजताना किती तास घातले हे पाहता येतं, तसंच त्यातून कोणती क्षमता आली हेही पाहता येतं, असे दोन्ही मार्ग तिनं खुले ठेवले. इंग्लंड-वेल्सच्या सनदी लेखापाल संस्थेनं आधी तासांची सक्ती ठेवली नव्हती. सभासदानं स्वतःची गरज ओळखून शिकावं, एवढंच म्हटलं होतं. नोव्हेंबर २०२३ पासून तिनंही किमान तास घालून दिले. निव्वळ तास अपुरे पडतात आणि निव्वळ भरवसाही पुरत नाही, हे यावरून दिसतं.

स्मरणाचं विज्ञान काय सांगतं?

या पेचातून वाट स्मरणाच्या अभ्यासातून निघू शकते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. निरर्थक अक्षरसमूह पाठ केल्यावर पुन्हा शिकताना वाचणारे श्रम त्यानं मोजले. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसानं ३४ टक्के आणि महिन्यानं २१ टक्के. व्याख्यानातला अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्यानं विरत नाही, पण विसरण्याचा वेग आधी जास्त आणि मग मंद, हे त्यालाही लागू आहे.

२००६ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी वाचण्याऐवजी आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं चित्र पालटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. परीक्षा ही ज्ञान मोजण्याइतकीच ते टिकवण्याची पद्धत आहे, हे त्यातून सिद्ध झालं. आणि २००८ मध्ये निकोलस सेपेडा व सहकाऱ्यांनी १,३५० हून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात आढळलं, की सुमारे वर्षभर लक्षात ठेवायचं असेल, तर पहिल्या अभ्यासानंतर साधारण तीन आठवड्यांनी केलेली उजळणी सर्वाधिक उपयोगी पडते.

आता वर्षअखेर आठवा. दरवर्षी लागणारे तास डिसेंबरात एकदम उरकले, तर नियम पाळला जातो, पण स्मरणाच्या दृष्टीनं ही सर्वांत वाईट पद्धत ठरते. तेच वीस तास वर्षभर विखुरले आणि मध्ये आठवण्याची संधी दिली, तर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त हाती लागतं.

सॉफ्टवेअरकडून काय मागावं?

तास मोजणाऱ्या प्रणालीकडे यासाठी लागणारी सगळी माहिती आधीच असते: सभासद कोण, विषय कोणता, तारीख कोणती. चर्चासत्रानंतर तीन आठवड्यांनी त्याच विषयावरचे पाच प्रश्न मोबाइलवर पाठवणं तिला अजिबात अवघड नाही. त्या उत्तरांवरून कुणाला नापास करायचं नाही आणि ती कुणाला दाखवायचीही नाहीत. ती सभासदाची स्वतःची असावीत. नियम बदलला की त्या विषयात तास घेतलेल्यांना ‘तुम्ही शिकलात त्यातलं हे आता बदललं’ असा निरोप जावा. अशा प्रणालीत तासांची नोंद शिकण्याची सुरुवात ठरेल. आज ती बहुतेकदा शेवट ठरते.

संस्थेनं, शाखांनी आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ही सोय जरूर करावी. पण तोवर थांबायचं कारण नाही. सीए वाचकांना एवढंच सांगणं: तासांची बेरीज निश्चिंतपणे संगणकावर सोपवा, वर्षाच्या मध्यावर एकदा उरलेले तास पाहा आणि ते विखरून घ्या. शेवटच्या चर्चासत्राला तीन आठवडे झाले, की टिपणं न उघडता त्यातले पाच मुद्दे कागदावर लिहून काढा. जे आठवणार नाही, ते त्याच दिवशी पुन्हा वाचा. तुमच्या सहीवर विश्वास ठेवणाऱ्या अशिलाला तुमचे किती तास भरले याच्याशी कर्तव्य नसतं; आजचा कायदा तुम्हाला आज ठाऊक असावा, एवढाच त्याचा हक्क आहे.