आयुक्त ते आमदार: स. गो. बर्वे आणि शहर चालवणं

मागच्या वेळी प्रश्न आला होता, शहर नेमकं चालवतं कोण, महापौर की आयुक्त? भुकूममध्ये तुम्हाला सरपंच माहीत आहेत, कारण काही अडलं की त्यांच्याकडे जाता येतं. महापालिकेत गोष्ट वेगळी आहे. तिथे महापौर सभा चालवतात, आणि अंमलबजावणीचे अधिकार कायद्याने राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. या दोन्ही बाजू पाहिलेला एक माणूस म्हणजे सदाशिव गोविंद बर्वे.

बर्वे आयसीएस अधिकारी. १५ फेब्रुवारी १९५० ला पुणे शहर आणि उपनगर अशा दोन नगरपालिका एकत्र करून पुणे महापालिका झाली, तिचे ते पहिले आयुक्त. पहिली निवडणूक १९५२ साली झाली, बाबूराव सणस महापौर झाले. म्हणजे सुरुवातीची दोन वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. अशा वेळी कामं झटपट होतात, हे खरं. पण 'माझ्या गल्लीचं काय?' असं विचारायला कुणी नसतं, हेही खरं.

पुढे ते राज्य सरकारचे सचिव असताना, १९५८ साली, मुंबईच्या वाढीचा विचार करायला त्यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. गटाने सुचवलं की ठाण्याच्या खाडीवर पूल बांधा आणि पलीकडे नवी वस्ती उभी करा. आज आपण ज्याला नवी मुंबई म्हणतो, त्या कल्पनेच्या मुळाशी हा अहवाल आहे.

मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुनर्वसनाची जबाबदारी बर्व्यांवर आली. पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिलेल्या गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती आजही आहेत.

यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि १९६२ ला काँग्रेसतर्फे शिवाजीनगरमधून विधानसभा लढवली. निवडूनही आले. वित्त, नंतर उद्योग ही खाती सांभाळली, मग नियोजन आयोगावर गेले. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईत त्यांच्यासमोर होते माजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, काँग्रेसने तिकीट नाकारल्यामुळे अपक्ष उभे राहिलेले. बर्वे जिंकले, पण निकालानंतर थोड्याच दिवसांत, मार्चमध्ये, त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही मेनन यांना हरवलं.

आता मुद्दा. काही देशांत असा माणूस खुर्ची न बदलताही मतं मागू शकतो. युक्रेनच्या कीव्हमध्ये ओलेक्सांद्र ओमेलचेंको १९९६ ला शहराच्या प्रशासनाचे प्रमुख म्हणून नेमले गेले आणि १९९९ ला लोकांनीच त्यांना महापौर निवडलं. २००६ ला लोकांनी घरीही बसवलं! आपल्याकडे आयुक्ताची बदली मंत्रालयातून होते. मतदाराला ती करता येत नाही. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, हे लोकांना कळत नव्हतं.

हे भुकूमला कशाला सांगायचं? तर आपली रामनदी बघा. ती इथे, खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते, भूगाव, बावधन, पाषाण करत औंधजवळ मुळेला मिळते. वर ग्रामपंचायत, खाली महापालिका, बांधकामाची परवानगी पीएमआरडीएकडे. इथे ओढा बुजवला तर पाणी खाली कुणाच्या तरी घरात शिरतं, आणि तो माणूस आपल्या सरपंचाला मत देत नाही.

उद्या हे गाव महापालिकेत गेलं तर रस्ते, पाणी, ड्रेनेज मिळेल का, हे आपण विचारतोच. त्याबरोबर हेही विचारा: निर्णय कोण घेणार, आणि तो चुकला तर आपण त्याला बदलू शकणार का? बर्व्यांसारखा कर्तबगार अधिकारी मिळणं हे शहराचं नशीब असतं. पण मंडळी, गावाचं भवितव्य नशिबावर सोडता येत नाही.

प्रश्न असतील तर घेऊया.