घराला ‘स्टाईल’ हवी, पण कोणत्या खोलीला कोणती?

घर बांधताना फरशीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि घरातले म्हणतात, ‘तू शिकलेली, तूच पसंत कर.’ तुमच्यावर ही वेळ येण्याआधी एवढं वाचाच.

आमच्या अमडापुरात टाइलला टाइल फार कमी जण म्हणतात. ‘स्टाईल’ म्हणतात. ‘त्यांच्या घरी स्टाईल बसली’ म्हणजे ते घर आता पुढे गेलं! आमच्या घरी स्टाईल बसायची वेळ आली, तेव्हा मी सेकंड इयरला होते. बाबा मला चिखलीला घेऊन गेले. दुकानात डोक्यावर लाइट, समोर पांढरीशुभ्र चकचकीत टाइल. फोटो काढला, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांचं उत्तर एकच : ‘भारी!’ झालं, तीच फायनल. बैठकीला तीच, स्वयंपाकघरात तीच आणि चार पेट्या उरल्या म्हणून बाथरूमलाही तीच.

आजीने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, ‘पोरी, हे फरशी हाये का आरसा? मले तं पाय ठेवाले भेव लागते.’ आम्ही हसलो. दोन महिन्यांनी ती बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मग बाथरूमची फरशी फोडली, नवी आणली, मिस्त्रीला पुन्हा मजुरी दिली. उरलेल्या चार पेट्या वापरून जे वाचवलं होतं, त्याच्या कितीतरी पट गेले.

तेव्हा कळलं की सगळ्यात महाग फरशी ती, जी दोनदा बसवावी लागते.

आधी खालचं बघा

आपल्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. जोत्यात तीच माती भरली, तर वर कितीही महागडी टाइल टाका, ती एक दिवस खचणार किंवा तडकणार. म्हणून भराव मुरुमाचा हवा. तोही एकदम ओतून नाही, अर्ध्या फुटाचे थर देत, पाणी मारत, धुम्मसने ठोकत. त्यावर काँक्रीटचा थर आणि मग फरशी. दुकानात डिझाइनवर तासभर घालवणारे आपण भराव चालू असताना साइटवर पाच मिनिटंही थांबत नाही. बजेट कमी असेल तर टाइल साधी घ्या, पण भरावात काटकसर नको.

गावांची नावं, घरातल्या फरश्या

एक गंमत बघा. आपण पायाखाली ज्या फरश्या वापरतो त्यांची नावं गावांची आहेत. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातल्या कोट्याची, कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याची. आणि टाइलच्या पेटीवर पत्ता बघाल तर बहुतेक वेळा गुजरातमधलं मोरबी दिसेल. म्हणजे दरात वाहतूकही आली. त्यामुळे भाव विचारताना ‘घरपोच किती?’ असंच विचारा. गाडीभाडं, हमाली, वाटेतली फूटतूट कोणाची, हेही आधीच ठरवून घ्या.

आता एकेक खोली

*ओसरी आणि अंगण :* इथे सोयाबीनची पोती येतात, बाबांच्या चिखलाच्या चपला येतात, मोटारसायकल उभी राहते. इथे चकचकीत काहीही नको. खडबडीत शहाबादी किंवा सिमेंटचा कोबा बेस्ट. कोबा करताना मध्ये पट्ट्या टाकून चौकोन पाडून घ्या, म्हणजे तडा गेला तरी सगळीकडे पसरत नाही. आणि किमान सात दिवस पाणी मारा. हे काम घरातल्या कॉलेजवाल्याकडेच येतं, कंटाळा करू नका.

*बैठक :* पाहुणे इथे येतात, त्यामुळे थोडी हौस इथे चालेल. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, डाग कमी पडतात, झिजही कमी. फक्त मॅट फिनिश बघा. चकचकीत टाइलवर धूळ आणि ओले पाय दोन्ही लगेच दिसतात, आणि रोज पुसणारी व्यक्ती बहुतेक वेळा आईच असते. पॉलिश केलेला कोटाही छान. उन्हाळ्यात दुपारी त्यावर आडवं व्हायचं सुख वेगळंच!

*स्वयंपाकघर :* तेल, पाणी, हळद. मॅट टाइल इथेही बरी. शहाबादी किंवा कोटा घालणार असाल तर एक लक्षात ठेवा, हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, चिंच सांडून तसंच राहिलं तर पॉलिश उडून डाग पडतो. ॲसिडने तर अजिबात धुऊ नका.

*बाथरूम :* इथे तडजोड नाही. अँटी-स्किड टाइल, आणि शक्यतो छोटी, एक फूट बाय एक फूट. छोटी का? मोरीकडे ढाळ काढायला ती सोपी जाते आणि सांधे जास्त असल्यामुळे पायाला पकड मिळते. मिस्त्री जायच्या आधी बादलीभर पाणी ओता. कोपऱ्यात साचलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

*अभ्यासाची खोली :* पैसे संपले असतील तर लाल ऑक्साइड घालून घोटलेला कोबा करा. जुन्या घरांत तो वर्षानुवर्षं टिकलाय. पुढे हातात पैसा आला की त्यावर टाइल बसवता येते.

*आणि तुमची भाड्याची रूम :* पुण्यात किंवा संभाजीनगरला राहत असाल आणि फरशी उखडलेली असेल, तर व्हिनाइलची शीट अंथरा. चिकटवू नका, रूम सोडताना गुंडाळून नेता येते. फक्त खाली ओल असेल तर ती टाकू नका, कुबट वास येतो.

गणित जमवा

हे तुमचं खरं काम. दोन बाय दोन म्हणून विकली जाणारी टाइल खरं तर ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांपेक्षा थोडी कमी. चार टाइलची पेटी १६ नाही, साधारण १५.५ चौरस फूट भरते. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. घाईत हिशोब केला तर ८ पेट्या. पण कापाकापी आणि फुटीचे १० टक्के धरले की १३२ चौरस फूट, म्हणजे ९ पेट्या लागतात. एक पेटी कमी पडली आणि महिन्याने आणायला गेलात, तर शेड जुळेलच असं नाही. म्हणून सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एकच आहे का, ते गाडीतून उतरवतानाच बघा.

घरकुलवाल्यांना तर हे गणित जास्तच गरजेचं. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात किमान क्षेत्र स्वयंपाकघर धरून २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आणि सपाट भागासाठी योजनेची मदत १ लाख २० हजार रुपये. त्यातच भिंती, त्यातच छप्पर. अशा घरात चौरस फुटामागे दहा रुपये वाचले तरी २,६९० रुपये होतात. एवढ्यात बाथरूमची चांगली टाइल निघू शकते.

दुकानात जाल तेव्हा

• टाइल उलटी करून मागे पाण्याचे थेंब टाका. लगेच शोषलं तर ती बहुधा भिंतीची आहे, जमिनीला नको.
• चप्पल काढा, टाइलवर पाणी टाका, उभे राहून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.
• बसवून झाल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही.

शेणाने सारवलेल्या जमिनीचे रील्स हल्ली खूप फिरतात. बघायला मस्त. पण आजीला विचारलं तर म्हणाली, दर आठवड्याला ओणवं होऊन सारवलं, कंबर गेली. तिला स्टाईलच हवी होती, फक्त घसरणारी नको होती. ते विचारायला आम्हाला एक मिनिटही लागलं नसतं.

तुमच्या घरी पुढच्या वेळी टाइलचा विषय निघेल, तेव्हा फोटो ग्रुपवर टाका, हरकत नाही. पण त्याआधी, त्या खोलीत सगळ्यात जास्त कोण वावरतं ते बघा आणि त्यांनाच दुकानात सोबत न्या.