संध्याकाळी 6.17 चा फॅक्स

शुक्रवार, 15 डिसेंबर 2000. संध्याकाळी 6 वाजून 17 मिनिटांनी अमेरिकी औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, मंजुरीचा फॅक्स धाडला. औषध अँजिओमॅक्स. जळूच्या लाळेतलं एक प्रथिन रक्त गोठू देत नाही. त्यावर बेतलेला हा 20 अमिनो आम्लांचा रेणू अँजिओप्लास्टीच्या वेळी देतात. पेटंट मात्र 1993 मध्येच मिळालेलं. ते मार्च 2010 मध्ये संपणार होतं.

औषधांचं हे नेहमीचंच. रेणू हाती लागला की पेटंटसाठी धाव घ्यावी लागते. मग माणसांवरच्या चाचण्या, मग छाननी. दुकानात येईतो निम्मी मुदत सरते. ती भरून द्यायला अमेरिकेने 1984 मध्ये हॅच-वॅक्समन कायदा केला. चाचण्यांचा निम्मा काळ धरायचा, छाननीचा पूर्ण. कंपनीची स्वतःची दिरंगाई वजा. वाढ 5 वर्षांहून जास्त नाही, मंजुरीपासून 14 वर्षांपलीकडे नाही. अर्ज 60 दिवसांत.

अँजिओमॅक्सचा अर्ज गेला 14 फेब्रुवारी 2001 ला. पेटंट कार्यालयाने शुक्रवारपासून दिवस मोजले. मुदत उलटली होती. कचेरी सुटल्यावरचा फॅक्स सोमवारचा धरा, असं कंपनीचं म्हणणं. ते व्हर्जिनियातल्या न्यायालयाने मान्य केलं ऑगस्ट 2010 मध्ये! पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेने कायद्यातच लिहिलं की साडेचारनंतरची मंजुरी पुढच्या कामाच्या दिवसाची. पेटंट डिसेंबर 2014 पर्यंत लांबलं. एका शनिवार-रविवारवर पावणेपाच वर्षांची मक्तेदारी अडकली होती.

1984 च्या त्याच कायद्याने जेनेरिकवाल्यांनाही काही दिलं. फ्लुराझेपाम या झोपेच्या औषधावरून रॉश आणि बोलर कंपन्यांत खटला झाला, तेव्हा न्यायालयाने पेटंट चालू असताना मंजुरीसाठीच्या चाचण्याही बेकायदा ठरवल्या होत्या. म्हणजे पेटंट संपल्यावरच तयारीला लागायचं, आणि तोवर मक्तेदारी विनाअर्ज वाढलेली. नव्या कायद्याने या चाचण्या मोकळ्या केल्या.

भारताने या सौद्यातली एकच बाजू घेतली. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 107-ए जेनेरिक कंपनीला आधीपासून तयारी करू देतं. मुदतवाढ मात्र नाही. अर्जापासून 20 वर्षं, मंजुरीला कितीही काळ लागो. मला हे रास्त वाटतं. छाननी रेंगाळत असेल तर नियामकाकडे तज्ज्ञ वाढवावेत. त्याच्या संथपणाची भरपाई रुग्णाने महागड्या बिलातून का करावी? जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करारही 20 वर्षांपुढे जायला सांगत नाही.